यंत्राने लिहिलेला कोड कोणाचा?

1. दोन प्रश्न

वेब फ्रेमवर्कची ओळख करून देणाऱ्या बहुतेक प्रात्यक्षिकांत एक प्रसंग ठरलेला असतो. प्रोग्रामर एकच ओळ टाइप करतो, पडद्यावर फायलींच्या नावांची यादी सरसर खाली धावते आणि ब्राउझर उघडला की नोंदी दाखवणारी, नवी नोंद घेणारी, ती दुरुस्त करणारी व पुसून टाकणारी पाने हजर असतात. हे पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढे सगळे यंत्रच लिहीत असेल तर प्रोग्रामर कशासाठी लागतो. दुसरा प्रश्न फारसा विचारला जात नाही, पण खरे पाहता तोच अधिक महत्त्वाचा आहे: यंत्राने लिहिलेल्या त्या शेकडो ओळी उद्या चुकीच्या ठरल्या, तर त्या सांभाळायच्या कोणी?

या प्रकरणात दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिला प्रश्न फारसा उरत नाही. उदाहरणासाठी मुख्यतः ‘रूबी ऑन रेल्स’ हे फ्रेमवर्क घेतले आहे. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ‘बेसकॅम्प’ हे कामकाजाचे सॉफ्टवेअर लिहिताना तयार झालेला सर्वसाधारण उपयोगाचा भाग वेगळा काढून 2004 मध्ये तो ‘रेल्स’ या नावाने प्रसिद्ध केला आणि 2005 मध्ये पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणाऱ्या त्यांच्या प्रात्यक्षिकाने या फ्रेमवर्कचे नाव जगभर पोहोचवले. तयार कोडाची मोहिनी आणि तिच्यापोटी झालेले गैरसमज, या दोन्हींचा प्रसार त्या प्रात्यक्षिकाने केला असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

2. साचा आणि रिकाम्या जागा

फ्रेमवर्क म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशनला वारंवार लागणाऱ्या गोष्टींचा आधीच लिहून ठेवलेला आणि परस्परांशी जुळवलेला संच होय. ब्राउझरकडून आलेली मागणी कोणत्या कोडाकडे पाठवायची, डेटाबेसमधून माहिती कशी आणायची, ती पानावर कशी मांडायची, याची व्यवस्था फ्रेमवर्क लावून देते आणि त्या बदल्यात कोणती फाइल कोठे असावी व तिचे नाव काय असावे याचे संकेत पाळण्याची अपेक्षा ठेवते. हे संकेत पक्के असल्यामुळेच कोड जनरेटर शक्य होतो, कारण जे नेहमी ठरलेल्या जागी ठरलेल्या आकारात लिहावे लागते ते लिहिण्याचे काम यंत्राकडे सोपवता येते.

जनरेटरच्या अंगी कोणतीही बुद्धिमत्ता नसते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘आपले नम्र’ पर्यंतचा मजकूर तयार असतो आणि वधूवरांची नावे, तिथी, मुहूर्त व कार्यालयाचा पत्ता एवढेच काय ते नव्याने भरायचे असते. जनरेटरजवळही तसाच मजकूर असतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात, आणि प्रोग्रामरने दिलेली नावे त्यातल्या रिकाम्या जागांत बसवून तो नवी फाइल लिहून देतो. मुहूर्त चुकीचा कळवला तर पत्रिकाही चुकीच्याच मुहूर्ताची निघते, आणि त्याचा दोष साच्याकडे जात नाही.

नावे भरतानाही तो थोडेसे व्याकरण वापरतो, पण ते इंग्रजीचे. रेल्समध्ये नोंदीचा प्रकार एकवचनी आणि त्याचे डेटाबेसमधील टेबल अनेकवचनी असा संकेत आहे, म्हणून ‘बुक’ या नावापासून ‘बुक्स’ आणि ‘पर्सन’ पासून ‘पीपल’ हे रूप यंत्र आपोआप तयार करते. मराठी प्रोग्रामरने रोमन लिपीत ‘पुस्तक’ असे नाव दिले की टेबलाचे नाव ‘पुस्तक्स’ होते, ते कानाला खटकले तरी चालून जाते. पण ‘मानुस’ असे नाव दिले, तर शेवटचा ‘स’ पाहून यंत्र ते अनेकवचन समजते, तशी सूचना देते आणि ‘मानु’ नावाने फायली लिहून मोकळे होते. अशा शब्दांचे अपवाद नोंदवण्यासाठी रेल्समध्ये वेगळी फाइल असते, परंतु जाणकार मंडळी नावे इंग्रजीत ठेवून पडद्यावरचा मजकूर तेवढा मराठीत करतात, आणि तेच सोयीचे ठरते.

3. एका ओळीतून काय काय निघते

एखाद्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची नोंदवही तयार करायची आहे असे समजू. प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक, लेखक आणि किंमत ठेवायची आहे. कमांड साधारण अशी असते, अर्थात प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टाइप केली जाते:

रेल्स जनरेट स्कॅफोल्ड बुक टायटल:स्ट्रिंग ऑथर:स्ट्रिंग प्राइस:इंटिजर

‘स्कॅफोल्ड’ म्हणजे एका प्रकारच्या नोंदींसाठी लागणाऱ्या सगळ्या फायली एकदम लिहून देणारा जनरेटर, ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरी मजकूर आणि ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक. या एका ओळीतून रेल्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये पंधरा ते अठरा फायली तयार होतात. त्यांतली पहिली ‘मायग्रेशन’, म्हणजे डेटाबेसमध्ये कोणता बदल करायचा हे सांगणारी फाइल. तिच्या नावाच्या सुरुवातीला तारीख-वेळेचा आकडा असतो, त्यामुळे अनेक बदल कोणत्या क्रमाने लागू करायचे हे निश्चित राहते. दुसरी ‘मॉडेल’, म्हणजे पुस्तक या संकल्पनेचे नियम जिथे लिहायचे ती जागा. तिसरी ‘कंट्रोलर’, जी ब्राउझरची मागणी घेऊन यादी दाखवणे, एक नोंद दाखवणे, कोरा फॉर्म देणे, तो साठवणे, दुरुस्तीचा फॉर्म देणे, दुरुस्ती साठवणे आणि नोंद काढून टाकणे अशी सात कामे करते. याखेरीज पानांचे आराखडे म्हणजे ‘व्ह्यू’, चाचण्यांच्या फायली, आणि कोणत्या पत्त्यावर कोणते काम करायचे हे सांगणाऱ्या राउट्सच्या फाइलमध्ये घातलेली एक ओळ, असा हा ऐवज असतो.

या ऐवजातली सर्वांत बोलकी फाइल मॉडेलची, कारण ती जवळजवळ रिकामी असते. शीर्षक कोरे चालणार नाही, किंमत उणे असू शकत नाही, एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तके नकोत, हे ग्रंथालयातला नवखा कर्मचारीही सांगेल; पण कमांडमध्ये यातले काहीच सांगितलेले नसल्यामुळे फाइलमध्येही काही उतरत नाही, आणि तयार झालेले अ‍ॅप्लिकेशन उणे पन्नास रुपये किमतीचे बिनशीर्षकाचे पुस्तक बिनतक्रार नोंदवून घेते. कंट्रोलर सर्व पुस्तके एकदम मागवतो; वीस पुस्तकांना ते ठीक, चाळीस हजार पुस्तकांचे पान मात्र उघडताना रखडेल. नोंद पुसण्याचे बटण ज्याला पान दिसते त्या प्रत्येकासाठी खुले असते, मग तो ग्रंथपाल असो वा रस्त्यावरचा कोणीही. किमतीसाठी पूर्णांक निवडल्यामुळे 249.50 हा आकडा भरायला गेल्यास ब्राउझरच अडवतो, आणि हा दोष कमांड लिहिणाऱ्याचा, कारण पैशांसाठी दशांश स्वरूप निवडायला हवे होते.

या उणिवांना जनरेटरच्या चुका म्हणता येणार नाही. पुस्तक म्हणजे काय, ते कोणी पुसावे, यादी किती लांब होईल, यांविषयी त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला आकार ठाऊक असतो, व्यवहार ठाऊक नसतो, आणि अ‍ॅप्लिकेशन लिहिण्यातला खरा कष्टाचा भाग व्यवहाराचाच असतो.

4. एकदाच मिळणारा कोड आणि पुन्हा पुन्हा बनणारा कोड

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळता येते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या 1999 च्या पुस्तकात जनरेटरचे दोन प्रकार सांगितले: एक निष्क्रिय आणि दुसरा सक्रिय. निष्क्रिय जनरेटर एकदा चालतो, फायली हाती देतो आणि त्या क्षणापासून त्या फायलींशी त्याचा संबंध संपतो. सक्रिय जनरेटर मात्र मूळ माहिती बदलली की पुन्हा चालवायचा असतो आणि दर वेळी जुनी फाइल टाकून नवी लिहितो. ही विभागणी ज्याच्या मनात पक्की बसली त्याच्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत, आणि ती ज्याला उमगली नाही तो दोन्ही बाजूंनी चुकतो: जी फाइल आपली म्हणून सुधारायला हवी ती हात न लावता तशीच ठेवतो, आणि जिला स्पर्शही करू नये तिच्यात दुरुस्त्या करत बसतो.

रेल्समध्ये हे दोन्ही प्रकार एकाच प्रकल्पात शेजारीशेजारी नांदतात, म्हणून गोंधळ सहज होतो. स्कॅफोल्डने दिलेले कंट्रोलर, मॉडेल आणि पाने निष्क्रिय प्रकारची आहेत. ती बदलावीत, छाटावीत, हवे तर पूर्ण पुन्हा लिहावीत. याउलट डेटाबेसची सद्यःस्थिती नोंदवणारी ‘स्कीमा’ नावाची फाइल प्रत्येक मायग्रेशननंतर नव्याने लिहिली जाते. तिच्यात कोणी हाताने एखादा कॉलम वाढवला, तर पुढच्या मायग्रेशनच्या वेळी ती ओळ नाहीशी होते. ही फाइल यंत्राने तयार केलेली आहे अशी सूचना तिच्या माथ्यावरच असते, पण सूचना वाचण्याची सवय प्रोग्रामर मंडळींत फार आहे असे म्हणवत नाही.

निष्क्रिय कोड एकदा बदलला की जनरेटर पुन्हा चालवण्याचा मार्ग बंद झाला असे समजावे. रेल्स अशा वेळी फाइलगणिक थांबून विचारते, की जुन्या फाइलवर नवी लिहायची का, की आधी दोहोंतला फरक पाहायचा. घाईत ‘सर्वांना होय’ असे उत्तर दिले तर कित्येक दिवसांची दुरुस्ती क्षणात पुसली जाते. उलट दिशेची ‘रेल्स डिस्ट्रॉय’ ही कमांड तयार झालेल्या फायली काढून टाकते, त्यांत माणसाने केलेल्या बदलांसकट. डेटाबेसमध्ये आधीच बनलेले टेबल मात्र ती हटवत नाही, म्हणून मायग्रेशन आधी मागे घ्यावे आणि मगच फायली काढाव्यात, हा क्रम पाळावा लागतो.

त्यामुळे अनुभवी लोक एक साधी शिस्त पाळतात. जनरेटर चालवला की एकही अक्षर बदलण्यापूर्वी त्या सर्व फायलींची ‘गिट’ मध्ये स्वतंत्र नोंद करायची. गिट म्हणजे कोडातला प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याचा इतिहास ठेवणारे साधन; तिथे यंत्राचा कोड एका नोंदीत आणि माणसाचे बदल पुढच्या नोंदीत राहिले, तर वर्षभराने फाइल उघडणाऱ्यालाही कोणती ओळ विचारपूर्वक लिहिलेली आणि कोणती साच्यातून आलेली हे वेगळे दिसते.

5. एक कॉलम वाढवायचा झाला तर

ग्रंथालयाला पुढे प्रकाशकाचे नाव नोंदवायचे ठरले असे मानू. ‘अ‍ॅड पब्लिशर टू बुक्स’ अशा अर्थाचे नाव आणि त्यापुढे कॉलमचे नाव व प्रकार देऊन मायग्रेशन मागितले की रेल्स नावावरून टेबल ओळखून आतला मजकूर योग्य लिहून देते, ते चालवले की डेटाबेसमध्ये कॉलम तयार होतो आणि नवशिक्याला काम झाले असे वाटते. ब्राउझरमधल्या फॉर्मवर मात्र प्रकाशकाचा रकाना नसतो, कारण फॉर्मची फाइल पूर्वीच लिहून झालेली असून तिच्याशी जनरेटरला आता देणेघेणे नाही. मग तो रकाना हाताने घातला जातो, नाव भरले जाते, ‘नोंद साठवली’ असा संदेशही येतो, आणि तरीही प्रकाशकाची जागा कोरी राहते.

याचे कारण कंट्रोलरमध्ये असते. फॉर्ममधून आलेल्या माहितीतली कोणती नावे स्वीकारायची याची एक यादी स्कॅफोल्डने तिथे लिहिलेली असते आणि तिच्यात शीर्षक, लेखक व किंमत ही तीनच नावे असतात. चौथे नाव नेहमीच्या मांडणीत कोणतीही त्रुटी न दाखवता गाळले जाते आणि त्याची खूण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये एका ओळीने उमटते. म्हणजे एका कॉलमसाठी मायग्रेशन, फॉर्म, ही स्वीकृत नावांची यादी, नोंद दाखवणारे पान आणि चाचणी, एवढ्या ठिकाणी हात लावावा लागतो. जनरेटरने पहिल्या दिवशी या पाचही जागा एकदम लिहून दिल्यामुळे त्या परस्परांशी बांधलेल्या आहेत हे लक्षातच आलेले नसते. म्हणून शिकणाऱ्याने निदान एकदा स्कॅफोल्ड न वापरता एक लहान नोंदवही हाताने लिहावी असा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

6. साचा सुधारतो, जुना कोड सुधारत नाही

स्वीकृत नावांची ही यादी साच्यात आली कशी, हे पाहिले की निष्क्रिय कोडाचा आणखी एक गुणधर्म ध्यानात येतो. रेल्सच्या जुन्या आवृत्त्यांत स्कॅफोल्डने लिहिलेला कंट्रोलर फॉर्ममधून आलेली सगळी माहिती जशीच्या तशी मॉडेलच्या हवाली करत असे. सभासदाच्या फॉर्मवर नाव आणि पत्ता हे दोनच रकाने असले, तरी जाणत्या माणसाला त्या मागणीत ‘व्यवस्थापक: होय’ असे तिसरे नाव स्वतःहून जोडता येते, कारण ब्राउझरने काय पाठवायचे हे शेवटी पाठवणाऱ्याच्या हाती असते. टेबलात तसा कॉलम असेल आणि प्रोग्रामरने अटकाव केलेला नसेल, तर साधा सभासद व्यवस्थापक होऊन बसे.

मार्च 2012 मध्ये हा धोका जाहीरपणे दिसला. कोड साठवण्याच्या ‘गिटहब’ या सेवेवर, जी स्वतः रेल्समध्ये लिहिलेली होती, एका प्रोग्रामरने याच प्रकारे फॉर्मसोबत जादा नाव पाठवून स्वतःची प्रवेशाची किल्ली खुद्द रेल्स प्रकल्पाच्या खात्याला जोडली आणि तिथे बदल करून दाखवला. त्यानंतर 2013 च्या रेल्स 4 मध्ये स्वीकृत नावांची यादी कंट्रोलरमध्ये लिहिण्याची पद्धत मूळ फ्रेमवर्कमध्ये आली आणि स्कॅफोल्डचा साचाही तसा बदलला.

बदलला तो साचा. त्याआधी तयार झालेल्या प्रकल्पांतल्या फायली होत्या तशाच राहिल्या, आणि नव्या आवृत्तीवर जाताना त्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये ही यादी माणसांनाच लिहावी लागली. फ्रेमवर्कच्या आत असलेला दोष फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवली की दूर होतो. साच्यातून प्रकल्पात उतरलेला दोष मात्र त्या प्रकल्पाच्या मालकीचा होतो.

7. फायली न लिहिता काम भागवणारा मार्ग

हा दोष टाळण्याचा एक उपाय म्हणजे कोड फाइलमध्ये लिहूनच न देणे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात आकाराला आलेले आणि 2005 मध्ये खुले झालेले ‘जँगो’ हे फ्रेमवर्क याच वाटेने गेले. जँगोमध्ये पुस्तकाचे मॉडेल लिहून ते व्यवस्थापन विभागात एका ओळीने नोंदवले, की यादी, भरणी आणि दुरुस्ती यांची पाने अ‍ॅप्लिकेशन चालू असतानाच मॉडेल वाचून दाखवली जातात. कॉलम वाढला तर फॉर्मवर रकाना आपोआप वाढतो. किंमत मोजावी लागते ती वेगळ्या ठिकाणी: पानाची मांडणी जँगोच्या कल्पनेपलीकडे न्यायची झाली की वाकवण्याचे श्रम हाताने लिहिण्याच्या श्रमांपेक्षा वाढतात. बातम्या भरणाऱ्या वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्यांसाठी घडलेली ही सोय आतल्या कामासाठी उत्तम, बाहेरच्या वाचकासाठी अपुरी. रेल्समध्येही पूर्वी एका ओळीत अशी पाने दाखवणारी सोय होती, ती 2007 च्या दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि फायली लिहिणारा स्कॅफोल्ड तेवढा राहिला.

जँगो 1.7 पासून, म्हणजे 2014 पासून, मायग्रेशनही मॉडेलमधला फरक पाहून स्वतः लिहिते, आणि तिथे एक मार्मिक प्रसंग येतो. मॉडेलमधून ‘टायटल’ नाहीसे झाले आणि ‘नेम’ नवे दिसले, तर जुने नाव बदलले, की जुना कॉलम माहितीसकट टाकून नवा कोरा घ्यायचा आहे? दोन्ही वेळी फायलींतला फरक एकसारखाच असतो, म्हणून जँगो थांबते आणि प्रोग्रामरला तसे विचारते. चुकीचे उत्तर दिल्यास सर्व पुस्तकांची शीर्षके जातात.

‘यी’ या पीएचपी फ्रेमवर्कचे ‘गी’ हे साधन उलट्या टोकाने येते. ते अस्तित्वात असलेले टेबल वाचून मॉडेल आणि पाने लिहून देते, आणि लिहिण्यापूर्वी जुन्या-नव्या फायलींतला फरक ब्राउझरमध्येच दाखवते. वर्षानुवर्षे चालत आलेल्या डेटाबेसवर नवे अ‍ॅप्लिकेशन बांधायचे असेल तर हा मार्ग सोयीचा. गी मुळात फक्त त्याच संगणकावरून उघडते. प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर ते सर्वांना खुले ठेवणे म्हणजे कोणालाही प्रकल्पात फायली लिहू देणे होय.

8. स्वतःचे साचे, आणि साच्याबाहेरचे

एखाद्या संस्थेत दर वेळी स्कॅफोल्डनंतर त्याच त्याच दुरुस्त्या कराव्या लागत असतील, तर साचाच बदलणे शहाणपणाचे. रेल्समध्ये प्रकल्पाच्या ठरावीक फोल्डरमध्ये त्याच नावाचे टेम्प्लेट ठेवले की मूळ टेम्प्लेटऐवजी ते वापरले जाते. म्हणजे यादीची पाने पाडणे, प्रवेशाची तपासणी करणे, मराठी लेबले घालणे या गोष्टी एकदाच लिहून ठेवता येतात. नको असलेल्या फायली वगळण्याचीही सोय आहे, आणि पूर्ण स्कॅफोल्डऐवजी केवळ मॉडेल किंवा केवळ मायग्रेशन मागणे हेच रोजच्या कामात अधिक घडते. अलीकडे भाषा-प्रारूपांकडूनही कोड लिहून घेतला जातो. तोही निष्क्रिय प्रकारातच मोडतो, फरक एवढाच की साचा तीच नावे दिल्यास दर वेळी तोच मजकूर देतो आणि प्रारूप तसा देईलच असे नाही, त्यामुळे वाचून पाहण्याचे काम वाढते.

साच्याबाहेर काय ठेवावे याचेही एक उदाहरण आहे: 2024 च्या रेल्स 8 मध्ये लॉगिनचा जनरेटर आला. वापरकर्त्याचे आणि सत्राचे मॉडेल, पासवर्ड सांकेतिक रूपात साठवण्याची व्यवस्था, लॉगिनचे पान, विसरलेला पासवर्ड ईमेलद्वारे बदलण्याची सोय, हे सर्व तो लिहून देतो. नव्या वापरकर्त्याच्या नोंदणीचे पान मात्र त्यात नाही. ग्रंथालयात सभासद होण्यासाठी अनामत लागेल, बँकेत ओळखपत्र लागेल, कार्यालयात खाते प्रशासकच उघडून देईल. कोणाला आत घ्यायचे याचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे, म्हणून ते पान लिहिण्याचे काम प्रोग्रामरकडेच ठेवलेले आहे.